वाचनालयाचा जुना संगणक, लिनक्स आणि कृतीदेवमधल्या फायली

आमचं वाचनालय अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शासनमान्य, 'ब' वर्गाचं. मी तिथे ग्रंथपाल आहे. वाचनालयात संगणक एकच, सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणार नाहीत, अशी सूचना संगणक सुरू केला की दिसायची. एका वर्षाची मुदतवाढ घेता येत होती, पण तिने प्रश्न फक्त पुढे ढकलला असता. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आमच्याकडे दोन्ही नाही.

त्या डिस्कवर २००३ ते २०१४ चे वार्षिक अहवाल, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर आणि ग्रंथांची संपूर्ण यादी होती. हे सगळं कृतीदेव ०१० या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. म्हणजे वाचवायच्या गोष्टी दोन होत्या: यंत्र आणि मजकूर. हे काम जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झालं. असं काम समोर आलेलं कुणी अडून बसू नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत करायच्या.

ऑगस्ट २०२५ च्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विषय मांडला. नवा संगणक घ्यायचा तर अनुदानाचा पुढचा हप्ता येईपर्यंत थांबावं लागणार होतं. म्हणून जुन्याच यंत्रात एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि रॅम घालून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकायची, असा ठराव झाला. ठरावात 'संगणक दुरुस्ती व साहित्य' हे खर्चाचं शीर्ष स्पष्ट लिहून घेतलं. हे आवर्जून करा. नाहीतर लेखापरीक्षणाच्या वेळी एसएसडी ही दुरुस्ती की नवी खरेदी, यावर वेळ जातो. तीन दरपत्रकं मागवली. दोन दुकानांनी लगेच दिली, तिसऱ्याने पोळ्यानंतर. सप्टेंबरच्या मध्यावर खरेदी झाली: २५६ जीबीची एसएसडी १,७५० रुपये, आठ जीबी रॅम १,९५० रुपये, बॅकअपसाठी एक टीबीची बाहेरची डिस्क ४,६०० रुपये, पेन ड्राइव्ह ३५० रुपये आणि बसवण्याची मजुरी ३०० रुपये. एकूण ८,९५० रुपये. जीएसटी क्रमांक असलेलं बिल घेतलं आणि टिकाऊ वस्तूंची नोंद जडसंग्रह नोंदवहीत केली. काढलेल्या जुन्या हार्ड डिस्कचीही स्थिती तिथेच लिहिली, 'चालू, जतन केलेली'.

कोषाध्यक्ष काकांनी एक रास्त प्रश्न विचारला: "ताई, सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणता, मग परवान्याचा कागद कुठून लावायचा?" लिनक्सचा गाभा जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वाटला जातो आणि लिबरऑफिस, म्हणजे मजकूर व तक्ते करण्याचं सॉफ्टवेअर, एमपीएल २.० या परवान्याखाली. दोन्ही परवान्यांचा मजकूर छापून फाइलला लावला. पहिल्या पानावर 'सदर सॉफ्टवेअर विनामूल्य वापरण्याची परवानगी आहे' अशी टीप अध्यक्षांच्या सहीने घेतली. काका समाधानी झाले, आणि पुढे लेखापरीक्षकांनीही तोच कागद पाहिला.

आता प्रत्यक्ष काम. मिंटची २२.२ ही आवृत्ती त्याच महिन्यात आली होती. तिला २०२९ पर्यंत आधार आहे, म्हणून तीच घेतली. फाइल तीन जीबीच्या आसपास असते, वाचनालयाच्या इंटरनेटवर दुपारभर उतरत होती. उतरलेली फाइल शाबूत आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल', डॅश 'हॅशफाइल', फाइलचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' असं दिलं की चौसष्ट अक्षरी आकडा येतो. तो मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. पहिली आणि शेवटची काही अक्षरं पाहून भागवू नका, सगळा आकडा जुळवा.

मिंट बसवण्यासाठीचा पेन ड्राइव्ह रुफस या सॉफ्टवेअरने तयार केला. बसवण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, तेव्हा डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. आवाज येतो का, इंटरनेट लागतं का, पडदा नीट दिसतो का, हे तिथेच पाहून घेतलं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती 'डिस्क पुसून टाका' या पर्यायाची. त्यावर साधा उपाय केला. दुकानातल्या मुलाला सांगितलं की एसएसडी बसव आणि जुन्या हार्ड डिस्कची केबल काढूनच ठेव. संगणकाला ती डिस्क दिसतच नसेल तर ती पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्या पडद्यावर फक्त २५६ जीबीची डिस्क दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. बसवणी अर्ध्या तासात झाली. त्यानंतर पहिलं काम टाइमशिफ्टने यंत्रणेची एक प्रत घेऊन ठेवण्याचं आणि दुसरं अपडेट करण्याचं. क्रम हाच ठेवा.

प्रिंटरने दोन दुपारी खाल्ल्या. जुना लेझर प्रिंटर आपोआप ओळखला गेला नाही. अशा वेळी आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, 'एलएसयूएसबी' चालवा. यादीत प्रिंटरचं नाव असेल तर केबल आणि पोर्ट ठीक आहेत, कमी आहे ती फक्त ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. आमच्या यादीत नाव होतं. उत्पादकाच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठीचं 'डेब' पॅकेज मिळालं आणि चाचणी पान निघालं.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही उतरवावं लागलं नाही. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स इथे भारतीय गटात 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' आहे आणि उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी 'मराठी, कागपा' आहे. मी इनस्क्रिप्ट घेतला, माझ्या सहकारी मुलीने कागपा. भाषा बदलण्याची कळ दोघींसाठी एकच ठरवली आणि कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवली.

लिबरऑफिसमध्ये मात्र तीन गोष्टी बदलल्याशिवाय मराठी काम नीट होत नाही. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून तिथे हिंदीऐवजी मराठी निवडा. मग शैलीच्या खिडकीत देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या रकान्यात असतो, तो भरा. अनेकजण वरचा, रोमन लिपीचा रकाना बदलतात आणि मराठी अक्षरं का मोठी होत नाहीत म्हणून हैराण होतात. तिसरी गोष्ट फॉन्टची. नोटो घराण्यातल्या देवनागरी फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी लावलेली असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी असेल तर हिंदी वळणाचे. अहवाल वाचणाऱ्या जुन्या सभासदांच्या डोळ्यांना हा फरक लगेच कळतो आणि मलाही तो महत्त्वाचा वाटतो. संगणकावर मराठी दाखवू शकणारे कोणते फॉन्ट आहेत हे 'एफसी-लिस्ट', मग जागा, मग कोलन, 'लँग', बरोबरचं चिन्ह आणि 'एमआर' असं दिलं की कळतं. नवा फॉन्ट आपल्या घर-फोल्डरातल्या 'डॉट लोकल, शेअर, फॉन्ट्स' इथे टाका आणि 'एफसी-कॅश', डॅश 'एफ' चालवा.

दसऱ्यानंतर जुनी डिस्क परत जोडली, पण फक्त वाचण्यापुरती, म्हणजे माउंट करताना (डिस्क यंत्रणेला जोडून घेताना) डॅश 'ओ' आणि 'आरओ' देऊन. त्यातलं सगळं बाहेरच्या डिस्कवर 'आरसिंक', डॅश 'एव्ही' ने उतरवलं. आरसिंकमध्ये एक बारीक गोष्ट आहे. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर त्याच्या आतला माल जातो, नाही दिली तर तो फोल्डरच उचलून जातो. कुठे काय जाणार याची खात्री नसेल तर आधी डॅश 'एन' लावा. मग नक्कल होत नाही, काय झालं असतं एवढंच दाखवलं जातं. मी प्रत्येक वेळी हेच करते.

नक्कल झाल्यावर तिच्या फायलींवरची लिहिण्याची परवानगी 'सीएचमॉड', डॅश कॅपिटल 'आर', 'ए-उणे-डब्ल्यू' देऊन काढून टाकली. मूळ फायलींना हात न लावता सगळं काम वेगळ्या फोल्डरात करायचं, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

आता मुख्य काम. कृतीदेव कसा चालतो हे कळलं की निम्मी वाट सरते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, घराघरात पोचण्याआधीचा हा मार्ग आहे. फाइलमध्ये साठतात ती रोमन अक्षरंच, फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेला फॉन्ट ती मराठी दाखवतो. 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये असतो ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, कॅपिटल बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की तीच रोमन अक्षरं समोर येतात. शोध घेता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही. वीस वर्षं आमची ग्रंथयादी रोमन क्रमाने लागत होती आणि आम्ही तिला 'संगणकाची यादी' म्हणून वेगळी ठेवत होतो.

अक्षरांचा तक्ता करायला बसले तेव्हा २००६ पासून हे अहवाल टाइप करणाऱ्या गृहस्थांना फोन केला. डीटीपीचं दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली आहेत. ते म्हणाले, "मॅडम, तोंडाने नाही सांगता येणार, कीबोर्ड समोर घेतो." मग एकेक कळ दाबत त्यांनी सगळं सांगितलं. ळ कॅपिटल जीवर. य अर्धविरामाच्या कळीवर. ण म्हणजे टिंब आणि के. मराठी ए हा स्वर स्वल्पविरामाच्या कळीवर, आणि खरा स्वल्पविराम उजव्या चौकोनी कंसावर. पूर्णविराम हायफनच्या कळीवर आणि हायफन अँड-चिन्हावर. ही रचना रेमिंग्टन टंकयंत्राच्या वळणाची आहे. त्यांचा आवाज ऐकून मला फार बरं वाटलं, कारण आमच्याकडच्या बहुतेक अहवालांतली अक्षरं त्यांच्या बोटांखालून गेलेली आहेत.

तक्ता साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवला. डावीकडे रोमन, मधे टॅब, उजवीकडे देवनागरी. बदल करताना क्रम फार महत्त्वाचा असतो. लांब जोड्या आधी, सुटी अक्षरं नंतर. ओकारासाठी के आणि एस एकत्र येतात. सुटा के आधी काना करून टाकला तर ओकाराऐवजी काना आणि मात्रा असे दोन वेगळे तुकडे होतात. दिसायला सारखे, शोधताना वेगळे. तसंच हायफनचा पूर्णविराम आधी करायचा आणि अँड-चिन्हाचं हायफन नंतर. उलट केलं तर सगळे हायफन पूर्णविराम होतात.

सुरुवातीला सगळं 'सेड' या आज्ञेने करत होते. छोट्या मजकुराला ती पुरते, पण सेडमध्ये टिंबाचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा आहे. ण साठी टिंब-के लिहिताना टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्यावीच लागते, नाहीतर कोणत्याही अक्षरामागून आलेल्या केचा ण होतो. तीच काळजी डाव्या चौकोनी कंसाची, कारण ख त्याच कळीवर आहे, आणि तिरक्या रेघेची, कारण ध तिच्यावर आहे.

खरी परीक्षा ऱ्हस्व वेलांटीची आणि रफाराची. कृतीदेवमध्ये वेलांटी डोळ्यांना दिसते त्या जागी, म्हणजे अक्षराच्या आधी साठते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. 'स्थिती' या शब्दात आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ असं असतं, आणि वेलांटीला अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावं लागतं. रफार याच्या उलट. 'कार्यालय' मध्ये तो य आणि काना या दोघांनंतर कॅपिटल झेड म्हणून येतो. त्याला काना ओलांडून य च्या आधी आणायचा. हे दोन नियम पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिले: वेलांटीपुढे कितीही अर्धी अक्षरं आणि एक पूर्ण अक्षर आलं तर वेलांटी त्या सगळ्यांच्या नंतर टाक; रफाराआधी जोडाक्षर आणि त्याच्या मात्रा असतील तर रफार त्या सगळ्यांच्या आधी आण. पर्लला डॅश, कॅपिटल 'सी-एस-डी' दिलं नाही तर ते देवनागरी अक्षराचे सुटे बाइट मोजतं आणि नियम लागतच नाहीत.

अहवालांमध्ये इंग्रजी शब्दही होते, पुस्तकांची नावं, पत्ते. ते टाइम्स फॉन्टमध्ये. फाइलचा नुसता मजकूर काढला तर फॉन्टची माहिती जाते आणि इंग्रजी शब्दांचंही भलतंच मराठी होतं. म्हणून जुन्या 'डॉक' फायली आधी 'डॉक्स' मध्ये नेल्या. 'सॉफिस', दोन डॅश 'हेडलेस', दोन डॅश 'कन्व्हर्ट-टू', मग 'डॉक्स'. लिबरऑफिसची खिडकी उघडी असताना ही आज्ञा काही न करता गुपचूप परतते, आधी ती बंद करा. त्यानंतर पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट पाहून फक्त कृतीदेवचे तुकडे बदलले. त्यासाठी लागणारं पॅकेज 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथॉन३-डॉक्स' ने येतं. 'पिप' ने घ्यायला गेलात तर मिंटच्या या आवृत्तीत 'बाहेरून व्यवस्थापित' असा नकार मिळतो. घाबरू नका, ॲप्टचा मार्ग घ्या. पुष्कळदा तुकड्याला स्वतःचा फॉन्ट नसतो, तो परिच्छेदाच्या शैलीतून येतो. तेव्हा शैलीचाही फॉन्ट पाहायला सांगावं लागतं.

श चं कोडं दोन संध्याकाळी सुटेना. काही श बरोबर येत, काही ठिकाणी भलतंच चिन्ह उरे. अर्धा श एकेरी अवतरणचिन्हावर आहे, आणि वर्डप्रोसेसरने टाइप करतानाच काही सरळ अवतरणचिन्हांची वळणदार केली होती. तक्त्यात सरळ आणि वळणदार दोन्ही रूपं घातली आणि श सुधारले. ष चंही तसंच, तो दुहेरी अवतरणचिन्हावर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालय बंद होतं. त्या शांततेत सगळ्या फायलींवर एकदम रूपांतर चालवलं. फायलींच्या नावांत मोकळ्या जागा असल्या की एकेक फाइल घेत जाणाऱ्या साध्या आज्ञा तुटतात, म्हणून 'फाइंड' ला डॅश 'प्रिंट०' आणि 'एक्सआर्ग्स' ला डॅश '०' अशी जोडी द्यायची. आणि फाइंडमध्ये तारांकित नमुना नेहमी अवतरणात लिहायचा, नाहीतर टर्मिनल स्वतःच ताऱ्याचा अर्थ लावून मोकळं होतं.

टर्मिनलमध्ये मराठी तुटक दिसली तर जीव खाली-वर करू नका. मिंटचं नेहमीचं टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदी देतं, त्यामुळे जोडाक्षरं आणि मात्रा सुट्या पडतात. फाइल शाबूत असते. तीच फाइल मजकूर-संपादकात उघडून पाहा.

तपासणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. पानं वाचत बसण्याआधी यंत्राकडून करून घेण्यासारखं बरंच असतं. 'ग्रेप', डॅश 'एन', कॅपिटल 'पी' ने रोमन अक्षर उरलेल्या ओळी काढल्या. शब्दाच्या सुरुवातीलाच मात्रा आलेल्या ओळी काढल्या, कारण मराठीत तसा शब्द असूच शकत नाही. आणि मला सगळ्यात उपयोगी पडली ती ही युक्ती: सगळा मजकूर 'टीआर' ने एका ओळीत एक शब्द असा फोडायचा, 'सॉर्ट' करायचा, 'युनिक', डॅश 'सी' ने मोजायचा आणि पुन्हा 'सॉर्ट', डॅश 'एन'. एकदाच आलेले शब्द सगळ्यात वर येतात. चुका तिथेच बसलेल्या असतात. माझ्या सहकारी मुलीने ही यादी छापून लाल पेनने तपासली, आणि प्रत्येक चूक तक्त्यातल्या कोणत्या ओळीमुळे झाली हे शोधून आम्ही तक्ता दुरुस्त करत गेलो. फाइल हाताने दुरुस्त केली नाही. तक्ता दुरुस्त करून सगळं रूपांतर पुन्हा चालवलं की तीच चूक बाराही अहवालांतून एकदम जाते. टर्मिनलवर माझा विश्वास बसला तो इथेच. माउसने केलेलं काम दुसऱ्याला दाखवावं लागतं, आज्ञा मात्र वहीत लिहून ठेवता येते, आणि माझ्यानंतर इथे जी कुणी बसेल तिला ती तशीच चालवता येईल.

दोन गोष्टींना हाताने वेळ द्यावाच लागला. एक, 'दऱ्याखोऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र. तो वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या खुणांनी टाइप झाला होता. शिवाय युनिकोडमध्येही तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ ला पाय मोडून, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जोडक लावून. दोन्ही दिसतात सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. आम्ही सगळीकडे ऱ घेतला. दोन, 'ॲ'. तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये युनिकोडमध्ये आला. त्याआधीच्या सवयीने अ आणि अर्धचंद्र असे दोन तुकडे लिहिले जातात. एकच रूप ठरवून ते सगळीकडे लावा, आणि ठरवलेलं तक्त्याच्या वरच लिहून ठेवा.

ग्रंथयादी स्प्रेडशीटमध्ये होती. तिचे शीर्षक आणि लेखक हे दोनच रकाने रूपांतरित केले, दाखल क्रमांक आणि किंमत यांना हात लावला नाही. कृतीदेवच्या रकान्यात टाइप केलेले आकडे तक्त्यातून गेले तर घोळ होऊ शकतो, ते वेगळे पाहा. मग 'सुडो लोकेल-जेन', पुढे 'एमआर', अधोरेघ, कॅपिटल 'आयएन' देऊन मराठी क्रम यंत्रणेत घेतला आणि 'सॉर्ट' च्या आधी कॅपिटल 'एलसी', अधोरेघ, कॅपिटल 'ऑल' यात तेच नाव दिलं. यादी अ पासून ज्ञ पर्यंत लागली. 'ग्रेप' मध्ये 'कविता' टाकलं आणि शीर्षकात कविता असलेली सगळी पुस्तकं क्षणात समोर आली. सहकारी मुलगी उठून कपाटाकडे गेली, त्यातली चार पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, ही आपल्याकडे आहेत हे मला माहीतच नव्हतं."

जानेवारी २०२६ मध्ये छापील यादी मंडळासमोर ठेवली. तिच्यासोबत तक्ता, पर्ल-पायथॉनचे छोटे कार्यक्रम आणि आज्ञांची वही अशी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक अध्यक्षांच्या कपाटात दिली. ठरावाच्या पुस्तकात तशी नोंद घेतली.

२००३ च्या आधीचे अहवाल फक्त छापील आहेत. त्यांच्यासाठी 'टेसरॅक्ट' हे स्कॅनच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरतो आहोत. मराठीची माहिती 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' या पॅकेजमधून येते. स्कॅन ३०० डीपीआयवर आणि करड्या छटेत करा, त्याहून कमी घेतलं तर घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत वाढते. पीडीएफ असेल तर 'पीडीएफटूपीपीएम', डॅश 'आर' ३०० ने आधी चित्रं काढा, मग टेसरॅक्टला डॅश 'एल', 'मार' द्या. आता १९९८ च्या अहवालापर्यंत पोचलो आहोत. त्यात सभासदांची यादी तीन स्तंभांत छापलेली आहे आणि सगळं पान एकदम दिलं तर नावं एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक स्तंभाचं चित्र वेगळं कापून, दोन डॅश 'पीएसएम' ६ लावून एकेक स्तंभ वाचून घेतो आहोत.